तेल, चुना आणि आम्ही दोघं

दीपमाळेचं वाईट व्हावं असं वाटणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. तिला इजा करणारे जे भेटले ते सगळे भक्तच. एकाने नवस फेडायचा म्हणून हात पोहोचेल तिथवर तिला ऑइलपेंट फासला. दुसऱ्याला फट दिसली, तर घरच्या कामातून उरलेलं सिमेंट आणून त्याने ती लिंपून टाकली. कुणी विजेच्या माळा सोडायला ड्रिलने भोकं पाडून खिळे ठोकले. दर सोमवारी पळी पळी तेल ओतणारे तर कितीतरी. या सगळ्यांचा भाव खरा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दगड, वीट आणि चुना यांना भाव कळत नाही. त्यांना ओल कळते, तेल कळतं, खिळ्याचा गंज कळतो. आमचं बरंचसं काम म्हणजे हे त्या मायाळू माणसांना न दुखवता सांगणं.

मी बँकेतून निवृत्त झाले, हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून. पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एकीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर शंकराचं एक देऊळ आहे. त्याच्या अंगणातल्या दीपमाळेची देखभाल आम्ही दोघं पाहतो. पगार नाही, पद नाही. विश्वस्तांनी दिलेलं एक पत्र आहे आणि अंगणाच्या फाटकाची किल्ली आहे. देवळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे आधीच पाय ठेवायला जागा नसते.

या कामाची ओढ ह्यांना समुद्रावरून आली. ह्यांचं आजोळ अलिबागजवळ थळचं. थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीने तो होऊ नये म्हणून जंग जंग पछाडलं. त्याच बेटावर इंग्रजांनी पुढे १८६७ मध्ये दीपगृह उभारलं. आता बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ किल्ल्यांत खांदेरी आहे. ह्यांच्या लेखी मात्र खांदेरी म्हणजे सुट्टीत ओटीवर निजल्यावर काळोखात ठरावीक वेळाने येऊन जाणारा तो उजेड. दीपगृहावर राहायचं, दिव्याची राखण करायची, ही इच्छा लहानपणी मनात बसली ती कारखान्यात जन्म गेला तरी हलली नाही.

आपल्याकडे दीपगृहं केंद्र सरकारच्या खात्याकडे असतात आणि तिथे नोकरीतली माणसं असतात. हौसेने जाऊन राहायची सोय नाही. ऑस्ट्रेलियात आहे. टास्मानियाच्या दक्षिणेला मात्सायकर नावाचं बेट आहे, तिथलं दीपगृह १८९१ मध्ये पेटलं. आज त्या बेटावर स्वयंसेवक जोड्या सहा-सहा महिने राहतात. गवत कापायचं, गंज खरवडायचा, इमारती कोरड्या ठेवायच्या, वाऱ्यापावसाच्या नोंदी करून हवामान खात्याला कळवायच्या, ही त्यांची कामं. माझ्या भाच्याने मेलबर्नहून ही माहिती पाठवली, तेव्हा ह्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "अगं, बघ, जोडीच मागतात. एकट्याला देत नाहीत." मी म्हटलं, "अहो, एकट्याला वेड लागेल ना तिथे." पण मनात मात्र विचार आला, की रात्री दिवा लावायचा आणि बाकीचे दिवस तो लावता येईल अशी जागा राखायची, हे काम आपल्या घरापासून दहा मिनिटांवरही आहे. पुण्याला समुद्र नाही, दीपमाळा आहेत.

आमची दीपमाळ साधारण दोन मजली घराच्या उंचीची. खाली अष्टकोनी चौथरा आणि पुरुषभर उंचीपर्यंत काळ्या पाषाणाचं घडीव काम. त्यावर विटांचा निमुळता होत गेलेला खांब, त्याला चुन्याचा गिलावा. सगळ्या बाजूंनी दगडी हात बाहेर आलेले, त्यांवर पणत्या ठेवायच्या. माथ्यावर एक दगडी परळ, त्यात तेलात भिजवलेल्या कापडाचा काकडा पेटतो. जेजुरीच्या पायऱ्यांवर जाताना ज्या दीपमाळांच्या रांगा लागतात, त्यांतल्या कित्येक नवस फेडायला बांधलेल्या आहेत. आमचीही तशीच असावी असं गुरवकाका म्हणतात. बांधणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलेलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आलं, तेव्हा ते कुठवर चढलं हे म्हातारी माणसं खांबाला हात लावून दाखवतात.

सुरुवातीला आम्ही काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं. हा सल्ला वास्तुसंवर्धन शिकलेल्या एका मुलीचा. ती आम्हाला काका-काकू म्हणते, पण कामाच्या बाबतीत आमची चांगली शाळा घेते. ती म्हणाली, एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा, पाणी कुठून शिरतं, कुठून बाहेर येतं, ऊन कोणत्या बाजूला किती वेळ असतं, ते लिहा. मग हात लावायचा की नाही ते ठरवू. देऊळ महापालिकेच्या वारसा यादीत असल्यामुळे दुरुस्ती करायची तर परवानगी लागतेच. निवृत्त माणसाला रिकामे हात सहन होत नाहीत. ह्यांना तर अजिबात नाही. तरी बसलो. बँकेत ताळेबंद जुळवण्यात हयात गेल्यामुळे मला वही घालायची सवय होतीच. पाऊस पडून गेल्यावर कोणता हात आधी वाळतो आणि कोणता दुसऱ्या दिवशीपर्यंत काळा राहतो, हे मी लिहीत गेले. आणि त्यातून कळलं, की सगळ्यात जास्त ओल सिमेंट लिंपलेल्या फटीच्या भोवती राहते.

याचं कारण समजलं तेव्हा मला त्या खांबाविषयी आदर वाटला. विटा आणि चुना पाणी पितात आणि सोडूनही देतात. पावसाळ्यात भिजायचं, हिवाळ्यात वाळायचं, असा त्यांचा क्रम. सिमेंट पाण्याला वाट देत नाही. मग आत अडकलेलं पाणी शेजारच्या मऊ विटेतून बाहेर पडायला बघतं, जाताना बरोबर क्षार आणतं, ते पृष्ठभागापाशी गोठतात आणि विटेचा भुगा होतो. म्हणजे फट बुजते आणि शेजारची वीट मरते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, पक्कं काम झालं.

म्हणून चुनाच. कळीचा चुना पाण्यात विरवून पिंपात भिजत ठेवायचा, जितका जास्त मुरेल तितका चांगला. वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, आणि कालवायला हिरड्याचं आणि गुळाचं पाणी. काही गवंडी बेलफळाचा गर घालतात. आमचा गवंडी वाईकडचा आहे. त्याचे वडील चुन्याच्या घाण्यावर काम करायचे. मधल्या काळात हे काम मागणारंच कुणी उरलं नाही, म्हणून तो फरशी बसवायला लागला होता. आता जुन्या वाड्यांची आणि देवळांची कामं परत चुन्यात व्हायला लागली आहेत. विश्रामबागवाड्याची दुरुस्तीही जुन्या पद्धतीला धरून केली गेली. त्यामुळे त्याच्या हाताला पुन्हा किंमत आली. चुना लावताना तो घाई करू देत नाही. पातळ थर, तो ओढला की दुसरा थर, वर ओलं गोणपाट. गोणपाट ओलं ठेवायचं काम आमच्याकडे. सकाळ-दुपार-संध्याकाळ एकाने जाऊन पाणी शिंपडायचं. अशा दिवसांत आम्ही गावाला जात नाही, लग्नालाही दोघांतलं एकच जण जातं.

तेलाची गोष्ट वेगळी. दगडावर मुरलेलं तेल धूळ धरतं, धुळीवर पुन्हा तेल, असं करत हातांवर काळं, चिकट किटण चढलं होतं. ते तारेच्या ब्रशने घासायचं नाही, ॲसिड तर जवळही आणायचं नाही. त्यावर उपाय मुलतानी मातीचा. साबणाच्या पाण्यात माती कालवून थालीपिठासारखी जाड थापायची, रात्रभर प्लॅस्टिकने झाकायची, सकाळी उघडी करून सुकू द्यायची. सुकताना माती तेल ओढून घेते आणि तिला भेगा पडतात. मग लाकडी पट्टीने अलगद सोडवून घ्यायची. पहिल्यांदा माती निघाली तेव्हा ती तपकिरी झाली होती आणि दगड जेमतेम एक छटा उजळला होता. पुन्हा थापली. पुन्हा. एका हातावर हे करता करता आठवडे जातात. पण काळ्या किटणाखालून छिन्नीचे बारीक, तिरके, एका मापाचे घाव दिसायला लागले. कुणीतरी बसून हा हात घडवला होता, आणि पणतीची बैठक घसरू नये म्हणून मध्ये अगदी उथळ खोलगा ठेवला होता. मी त्यावर बोट फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांत तो खोलगा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता.

माती लावायची ती दगडाला. वरच्या गिलाव्याला आम्ही दोघांनी ती कधी लावलेली नाही.

तेल ओतू नका, अशी पाटी लावा म्हणून विश्वस्तांपैकी एकाने सुचवलं. मला ते पटलं नाही. पुण्यात पाट्यांना तोटा नाही. सोमवारी येणाऱ्या एक आजी होत्या, त्यांच्याशीच बोलले. "आजी, तेल दगडात मुरतं हो." त्या म्हणाल्या, "मुरू दे की. देवाच्याच दगडात मुरतंय." यावर काय बोलणार? मग मी विचारलं, तुमच्या सासूबाई कसं करायच्या? आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या आधी राखेने पुसून घ्यायच्या. कालचं तेल तसंच ठेवून नवं घातलेलं त्यांना चालायचं नाही. उष्टं म्हणायच्या." मी म्हटलं, मला शिकवा. पुढच्या सोमवारी आजी फडकं घेऊन आल्या. राखेने घासायला मी दिलं नाही, पण कोरड्या फडक्याने पुसायचा पाठ त्यांनी सुरू केला आणि त्यांचं बघून इतर बायकांनीही. चौथऱ्यापाशी आता पत्र्याची तबकं असलेला एक दिव्यांचा स्टँड ठेवला आहे. ह्यांनी तो घरच्या गॅलरीत जोडला. रोजचे दिवे तिथे लागतात, दीपमाळेचे हात त्रिपुरीसाठी राहतात. परंपरेच्या नावाने जे नुकसान चालतं, त्यावरचा उतारा बऱ्याचदा परंपरेतच असतो. फक्त तो ठाऊक असलेलं माणूस शोधावं लागतं. ते बहुधा सत्तरीपुढचं असतं आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ आणि उंबर येतात. पावसाळ्यात सांध्यात दोन पानं दिसली की ती तेव्हाच बोटांनी काढायची. मूळ आत गेलेलं असलं तर ओढायचं नाही, ओढलं की विटेसकट येतं. पिंपळ उपटायला मन धजत नाही अशी माणसं पेठेत आहेत. मलाही ते सोपं जात नाही. निघालेली रोपं जगण्यासारखी असली तर आम्ही कुंडीत लावतो, आणि नदीकाठी झाडं लावणाऱ्या मंडळींना देतो.

दोघांनी मिळून काम करण्याचा खरा उपयोग मला उशिरा कळला. ह्यांना भार दिसतो, तोल दिसतो. खांब किंचित कोणत्या बाजूला झुकलाय, पाणी चौथऱ्यावरून कुठे वाहतंय, हे त्यांच्या डोळ्यांना न बघता दिसतं. मला माणसं दिसतात. कोण कधी येतं, काय घेऊन येतं, काय राहून गेल्यामुळे हळहळतं. ह्यांना एकट्याला हे काम दिलं असतं तर त्यांनी दीपमाळेला जाळीचं कुंपण घातलं असतं आणि ती सुरक्षित राहिली असती. मला एकटीला दिलं असतं तर सगळ्यांचं मन राखता राखता गिलावा पडून गेला असता. हे मी भांडणात नाही, शांतपणे सांगते आहे, आणि ह्यांनाही हे मान्य आहे.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की मला याची आठवण होते. दिनकर गंगाधर केळकर आणि कमलाबाई यांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीने हा संग्रह उभा केला. गावोगाव फिरून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये शासनाच्या हवाली केल्या. दिव्यांचं दालन बघायला मी मुद्दाम जाते. समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे. कुणाच्या तरी माजघरातून निघून मोडीत गेले असते असे. संसार म्हणून दोघांनी काय उभं करायचं, याचं हे उत्तर पुण्याने पाहिलेलं आहे, तरी कमलाबाईंचं नाव लोकांच्या तोंडी कमी येतं, याचं वाईट वाटतं.

मोठ्या वास्तूंना वाली मिळू शकतो. राज्य सरकारची 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजना आहे, तिच्यात संरक्षित स्मारक एखाद्या संस्थेला सांभाळायला देता येतं. नळदुर्गचा किल्ला असाच दिला गेला. पण संरक्षित नसलेली दीपमाळ, गल्लीतला हौद, पारावरची वीरगळ, यांना कुठल्याच योजनेचं दार उघडत नाही. त्यांना शेजारी लागतात. रोज जाता-येता नजर टाकणारे दोन माणसांचे डोळे, एक वही आणि भीड न धरता बोलायची तयारी, एवढ्यावर बरंच काही वाचतं असं मला आता खात्रीने वाटतं.

त्रिपुरीच्या दिवशी दुपारपासून गडबड असते. वाती मी महिनाभर आधी वळायला घेते; उघड्यावरच्या पणतीला समईपेक्षा जाड वात लागते, नाहीतर नदीवरचा वारा टिकू देत नाही. प्रत्येक पणतीखाली मातीची छोटी ताटली असते, म्हणजे सांडलेलं तेल दगडावर जात नाही. तेल मापून, दोन-अडीच तास पुरेल इतकंच. वरच्या पणत्या ठेवायला पूर्वी मुलं दगडी हातांवर पाय देऊन चढायची. ते आम्ही बंद करवलं. आता बांबूची परांची बांधतात आणि गिर्यारोहण करणारी पेठेतली पोरं कमरेला दोर बांधून वर जातात. खालची रांग बायकांची. अंधार पडला की गुरवकाका पहिली पणती लावतात, मग खालून वर उजेड चढत जातो आणि सगळ्यात शेवटी काकडा. त्या वेळी ह्यांचं लक्ष ज्योतींकडे नसतं. ते खांबाच्या मागे उभे राहून वाऱ्याची दिशा आणि वाळूची बादली बघत असतात.

यंदा प्रश्न त्या काकड्याचाच आहे. उत्तरेच्या बाजूला माथ्याच्या खाली एक उभी भेग आहे. तिच्यावर आम्ही काचेच्या पातळ पट्ट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख लिहिली. भेग हलली की काच तडकते, एवढा साधा हिशेब. इतके दिवस पट्ट्या शाबूत होत्या. या पावसाळ्यात वरची तडकली, खालची नाही. ह्यांचं म्हणणं, माथ्यावर यंदा जाळ नको. परळाखालचा चुना तापून थंड होताना भेग वाढेल. माझं म्हणणं, काकडा लहान करा पण पेटवा, कारण एकदा बंद पडलेली गोष्ट आपल्याकडे बंदच राहते, आणि दिवा न लागणाऱ्या दीपमाळेकडे पुढची पिढी वळून बघणार नाही. ती वास्तुसंवर्धनवाली मुलगी कुणाचीच बाजू घेत नाही. गिलावा ठोकून बघितल्याशिवाय बोलू नका, पोकळ वाजला तर काका म्हणतात ते, भरीव वाजला तर काकू म्हणतात ते, असं तिने सांगितलंय. विश्वस्तांना दिवाळीच्या आत निर्णय हवा आहे. महापालिकेकडे अर्ज गेलाय, पिंपात चुना मुरतोय, आणि वाईचा गवंडी दसरा झाला की येतो म्हणालाय. तोवर आमच्या घरात या विषयावर एकमत व्हायचं नाही.